काकांचा गरम घास

मी पदवीधर झालो तो यवतमाळच्या आमच्या खाणावळीच्या काकांमुळे. न विचारता ताटात आणखी एक पोळी टाकणारे काका स्वतः मात्र सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं गार जेवत. "तू जेव बापू, मले काय घाई हाय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

नोकरीत कायम झालो तेव्हा त्यांना नागपूरच्या एका भारी जपानी हॉटेलात नेलं. तिथे टेबलातच निखाऱ्यांची शेगडी असते. आपलं आपण भाजून खायचं. काकांनी एकदा तरी माझ्याआधी गरम खावं, एवढीच माझी इच्छा होती. पण त्यांनी बसल्याबसल्या चिमटा धरला आणि कोंबडीचा पहिला तुकडा माझ्याच ताटात टाकला. मग वेटरला विचारलं, "तुमी जेवले का भाऊ?"

शेवटी मी चिमटा काढून घेतला. "काका, आज खाणावळ माझी. मी वाढणार."

ते जरा अवघडले. मग तुकडा फुंकून तोंडात टाकला, डोळे मिटले. "तिखट कमी हाय," ते म्हणाले, "पन गरम हाय."

घरी परतल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं : "तीर्थस्वरूप काका, साष्टांग नमस्कार. आता दरवर्षी एकदा असंच तुम्ही आधी जेवायचं. पुढच्या खेपेस चटणीची पुडी खिशात ठेवा."