लादीतलं पांढरं

टेम्पोतून बर्फाची लादी उतरवली की आप्पा तिच्यावरचा भुसा तळहाताने पुसायचे, लोखंडी आकड्याच्या मुठीने दोनदा ठोकायचे आणि कान लावायचे. मग म्हणायचे, "कडंचं काळं पक्कं हाय. मधलं पांढरं पोकळ." काचेसारख्या स्वच्छ बर्फाला ते काळं म्हणत. मला फक्त मासे गार ठेवायचे असत. "आप्पा, बर्फ उतरवताय की मुलगी पसंत करताय?" मी विचारायची. ते हसायचे नाहीत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठोकायचे.

भिगवणला माझी खानावळ आहे. हायवेने जाताना तुम्हीही कधी चिलापी मासा खायला थांबला असाल, तर बर्फ उतरवणारा हा उंच, वाकलेला माणूस तुम्ही पाहिलाच असेल. डाव्या हाताच्या दोन बोटांना पुढची पेरं नव्हती. गिऱ्हाइकांनी विचारलं की आप्पा एकाला सांगायचे मरळ माशानं खाल्ली, दुसऱ्याला सांगायचे उसाच्या चरकात गेली. एका शहरी बाईंना तर त्यांनी बायकोचं नाव सांगितलं होतं. खरं म्हणजे ती पेरं थंडीने गेली होती.

आप्पा मूळचे इथलेच, उजनीच्या पाण्याकाठचे. पोकलेन चालवायचे. उत्तरेत, पार सरहद्दीजवळ, डोंगरात रस्ता करायचं काम निघालं तेव्हा ते तिकडे गेले आणि जवळच्या अंथुर्णे गावच्या एका दोस्तालाही घेऊन गेले. दोस्ताची आई तयार नव्हती. "माझ्या भरवशावर सोडा," असं आप्पांनी तिला सांगितलं होतं.

तिथल्या हिवाळ्याबद्दल ते तुकड्यातुकड्याने बोलत. सकाळी मशिनीतलं डिझेल थिजलेलं असे. टाकीखाली निखारे ठेवून तासभर थांबावं लागे. उघड्या हाताने लोखंड धरलं तर कातडी लोखंडालाच चिकटून राही. वारा सुटला की एकाच तंबूत शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नसे. नदी गोठून जाई आणि बर्फ कोसळून रस्ता बंद झाला की माणसं त्या नदीवरूनच चालत. तशाच एका वाटेवर दोस्त बुडून मेला. मी नको म्हणत असताना पातळ बर्फावर गेला, ऐकलं नाही, असं आप्पांनी गावाकडे सांगितलं. आम्हीही तेच खरं धरून चाललो होतो.

आमच्याकडे जानेवारीत धरणावर धुकं बसतं, वेटर कानटोप्या घालून ताटं मांडतात, तेव्हाही आप्पा एका बनियनवर. "ही काय थंडी हाय व्हय वैनी?" एकदा मी विचारलंच, बर्फाने एवढं केलं, मग धंदा बर्फाचाच कशाला? ते लादीकडे बघत म्हणाले, "हितला बर्फ वितळतोय वैनी. दुपारपतुर त्याचं पानी हुतंय. मला बरं वाटतं बघायला."

दर महिन्याला ते माझ्याकडून दोन चांगले मासे साफ करून घेत आणि अंथुर्ण्याला दोस्ताच्या आईकडे जात. एकदा तिथून आले ते खुर्चीवर बसूनच राहिले. चहा पुढे ठेवला, त्याच्यावर साय धरली. मग म्हणाले, "म्हातारी त्याचा फोटो लावत न्हाय. सहा वर्सं झाली. म्हनती, न ऐकनाऱ्याचा फोटो कशाला लावू?"

"मग?"

"वैनी, त्यानं ऐकलं व्हतं. माझंच ऐकलं व्हतं."

त्या दिवशी मला सगळं कळलं. रस्ता बंद झाला होता, छावणीतलं रॉकेल संपत आलं होतं. हे दोघे आणि तिथला एक वाटाड्या नदीवरून खालच्या छावणीकडे निघाले. काळ्यावरूनच चला, असं वाटाड्या निघताना बजावत होता. पण उजनीचं पाणी उन्हाळ्यात मागे हटलं की गाळ उघडा पडतो, हे आप्पांना लहानपणापासून माहीत. वाळून पांढरा पडलेला गाळ माणूस पेलतो, काळ्या गाळात म्हैस पोटापर्यंत रुतते. एका वळणावर वाटाड्या पुढे गेलेला. समोर एकीकडे काळा बर्फ, खालून पाणी वाहताना दिसणारा. दुसरीकडे पांढराशुभ्र, दगडासारखा. "मला वाटलं, त्या डोंगरातल्या मानसाला पान्यातलं काय कळतंय? मी पान्याकाठी जलमलो. म्हनलं, पांढऱ्यावरनं चल. त्यो चार पावलं गेला."

बर्फ फुटला, त्याला धरायला पाण्यात हात घातला तेव्हाची ती बोटं.

मीच म्हणाले, "सांगून टाका तिला. हलकं वाटेल." खानावळीत बसून शहाणपण शिकवायला माझं काय जात होतं? ते म्हणाले, "तुमी यायचं संगं." म्हणून मीही गेले.

म्हातारी ओट्यावर गवारीच्या शेंगा मोडत होती. आप्पा उभ्यानेच बोलले. "आई, त्यानं ऐकलं न्हाय ह्ये मी खोटं बोललो. त्यो पांढऱ्या बर्फावर जात नव्हता. मीच जा म्हनलं. तुमच्या पुढ्यात यायचं भ्या वाटलं म्हनून त्याच्यावर ढकललं."

शेंगा मोडणारे हात थांबले. ती आप्पांकडे बघत नव्हती. "म्हंजी शाना व्हता माझा," ती म्हणाली. "सहा वर्सं मी त्याला बोल लावला. मेलेल्याला." तिने शेंगांची परात बाजूला सारली. "तू जा हितनं. परत येऊ नगंस."

आम्ही टेम्पोने परतलो. हलकं वगैरे काही वाटलं नव्हतं त्यांना, चेहऱ्यावरून दिसत होतं. मला माझीच लाज वाटली.

त्यानंतर चार दिवस ते आले. लाद्या उतरवल्या, ठोकल्या मात्र नाहीत. पाचव्या दिवशी टेम्पोवर दुसराच माणूस होता. फोन बंद, खोलीला कुलूप. कुणी म्हणालं, परत उत्तरेत गेले. कुणी नुसतंच धरणाकडे बघितलं. मी अजूनही पहिलंच खरं मानते.

उन्हाळा लागता लागता एका सकाळी म्हातारी एसटीने भिगवणला आली. विचारत विचारत खानावळीत पोचली. पाणी प्यायली आणि म्हणाली, "फोटो लावला म्हनावं त्याला. कुठं हाय त्यो? शेवटाला माझ्या पोराच्या जवळ त्योच व्हता. मला इचारायचं ऱ्हायलं."

मी सांगितलं, ते गेले. कुठे, ते माहीत नाही. तिने मान हलवली. तेवढ्यात टेम्पोतून लादी उतरली. ती उठून जवळ गेली. "ह्यातलं पांढरं कुठलं?"

मी भुसा पुसून मधला भाग दाखवला. तिने त्यावर तळहात ठेवला. थोड्या वेळाने मी म्हणाले, "आई, काढा हात, बधिर होईल."

"ऱ्हाऊ दे जरा," ती म्हणाली.