तुटक रेघेच्या पलीकडे

जेवणाच्या टेबलावर ऑस्ट्रेलियाचा नकाशा पसरून मी रस्त्यावरून बोट फिरवत होतो. शेवटच्या गावानंतर रेघ तुटक झाली. तिथून पुढे दोन दिवस नुसती लाल माती. वाटेतल्या एकमेव पंपावर फोन करून मी डिझेल, पाणी, टायर, सगळं विचारलं. पंपावरच्या बाईंनी उलट एवढंच विचारलं, "तुम्ही पोचला नाहीत, तर ते कुणाच्या लक्षात येईल?"

खरंच, आपल्या पोचण्याची वाट कोण बघत असतं?

पुण्याला ताईला फोन लावला. दर प्रवासाआधी ती "पोचलास की कळव" म्हणते आणि मी दरवेळी विसरतो.

"ताई, रविवारी माझा फोन आला नाही, तर शोधाशोध कर."

"अरे, तुझा फोन आला, तर घाबरेन मी!"

माझं बोट अजून त्या तुटक रेघेवरच होतं.