आबांची सही

माझे वडील, आमचे आबा, दौंडला रेल्वेत खलाशी होते. ते निवृत्त झाल्यावर बँकेनं त्यांना पेन्शनच्या खात्याचं कार्ड दिलं. दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. मशीनसमोर उभं राहायला ते बिचकायचे, म्हणून कार्ड माझ्याकडे असे. मी शिरूरला भाड्याच्या खोलीत राहून सणसवाडीच्या कारखान्यात जायचो आणि महिन्यातून एकदा दौंडला जाऊन त्यांना पैसे काढून द्यायचो. कार्डामागच्या पांढऱ्या पट्टीवर मात्र त्यांनी स्वतः सही केली होती, मराठीत, ठसठशीत. त्यांच्या वडिलांनी जन्मभर अंगठाच उठवला होता. आबांनी सही कधी घाईत केली नाही.

त्या वर्षी दौंडच्या आमच्या वस्तीतल्या विहाराचं बांधकाम पुरं होत आलं होतं. आमच्याकडे दान देणारा बैठकीत उभा राहून सांगतो, दाराची चौकट माझी, पंखे माझे. आबा उभे राहिले आणि म्हणाले, "फरशी माझी." वैशाख पौर्णिमेच्या आत ती बसवायची होती. पैसे खात्यात होते. मी त्या बैठकीत होतो, मला सगळं ठाऊक होतं.

पंधरा दिवसांनी मी बायकोला घेऊन शिरूरच्या एका दुकानात फ्रीज घ्यायला गेलो. आमच्या चाळीत फ्रीज नसलेली खोली आमचीच उरली होती.

"डेबिट का क्रेडिट?" दुकानदारानं विचारलं.

माझ्या पाकिटात दोन कार्डं होती. एक माझं क्रेडिट कार्ड, कारखान्याच्या गेटवर टेबल टाकून बसलेल्या बँकवाल्यांनी फॉर्म भरून घेऊन दिलेलं. दुसरं आबांचं डेबिट. क्रेडिट म्हणजे उधारी, आणि उधारीनं वस्तू घरात आणायची नाही ही आबांचीच शिकवण. नेमकी त्या क्षणी ती मला आठवली. मी आबांचं कार्ड पुढे केलं. पौर्णिमेला दोन महिने आहेत, तोवर पगारातून भरून टाकू, असं मनाशी म्हणालो.

मशीनमधून निघालेल्या कागदावर मी आबांची सही केली. शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर करायचो, हाताला वळण होतंच. दुकानदारानं कार्ड उलटून दोन्ही सह्या पाहिल्या आणि मान हलवली.

पैसे भरले गेले नाहीत. एकदा घरभाडं आलं, एकदा दवाखाना. पौर्णिमा दहा दिवसांवर आली तेव्हा मी दौंडला गेलो. आबा म्हणाले, "पैसं काढून आण. फरशीवाल्याला सांगितलंय."

मी बाहेर फिरून आलो. "मशीन बंद हाय, आबा."

"मंग उद्या बँकेतच जातो मी."

सांगायची ती शेवटची संधी होती. सकाळी लवकर मी शिरूरची गाडी धरली.

रविवारी विहारात बैठक होती, तेव्हा परत आलो. आबा भिंतीशी बसले होते. त्यांची पाळी आल्यावर उभे राहिले. "फरशी यंदा व्हायची न्हाई. माझ्याच्यानं जमलं न्हाई."

"रेल्वेवाले मामा, तुमची गाडी कवा येळेवर आली?" मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. आबाही थोडंसं हसले. मी त्यांच्यापासून चार हातांवर बसलो होतो. उठून दोन वाक्यं बोलायची होती. मी उठलो नाही.

घरी येताना वाटेत त्यांनी विचारलं, "फ्रीज चांगला चाललाय न्हवं?"

मी व्हय म्हणालो.

चालता चालता ते म्हणाले, "बँकेतल्या सायबानं दुकानाचं नाव वाचून दाखवलं. म्या सांगितलं, मीच घेतलाय. न्हाईतर तुझ्यावर आलं असतं." मग थांबून म्हणाले, "सही माझीच केलीस?"

"व्हय."

त्यांनी हात पुढे केला. मी पाकिटातून कार्ड काढून दिलं. ते त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं.

पुढच्या वर्षी मी पगारातून फरशी बसवली. समितीनं भिंतीवर आबांचं नाव लावायचं ठरवलं आणि त्यांच्यापुढं देणगीची वही सहीसाठी धरली. आबांनी ती माझ्याकडे सरकवली.

"ज्याची फरशी त्यानं सही करावी," ते म्हणाले.

मी माझी सही केली. घाई केली नव्हती, तरी ती माझीसुद्धा वाटत नव्हती.