माणशी ऊब

माझी थोरली जाऊ कधी एकटी शेकली नाही. थंडी पडली की आधी ती ओसरीवर येऊन रस्त्याकडे पाहायची, ओळखीची कुणी दिसली की हाक मारायची आणि चारचौघी जमल्यावरच पऱ्हाटीच्या, कपाशीच्या वाळल्या झाडांच्या, काड्या पेटवायची. कुणी आलंच नाही, तर शाल पांघरून तशीच कुडकुडत बसायची. विचारलं तर म्हणायची, "एकटीनं कायले जाळ कराचा वं? जाळालेबी करमत नाही."

राळेगावला आमची दोन घरं एकाच अंगणात समोरासमोर. माझं घर वेळेवर चालायचं, तिचं मर्जीवर. तिच्या तुरीला दर वर्षी भुंगे लागायचे, माझ्या तुरीला कधी नाही. तिच्या हातचं पिठलं माझ्यापेक्षा चांगलं नव्हतं, हे मी आजही सांगेन. तरी सासूबाई पाळीनं माझ्याकडे राहायला आल्या की त्यांचा कान अंगणापलीकडेच असायचा. "मोठीकडं कोण आलं वं? हसून राह्यले सारे." मी सांगायची, कुणी नाही, टीव्ही चालू आहे.

मग एका हिवाळ्यात सासूबाईंचा दमा वाढला आणि यवतमाळच्या डॉक्टरांनी धुराला सक्त मनाई केली. जावेची शेकोटी बंद झाली. मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. आता विजेचा हीटर लागणार होता, आणि विचार करून वस्तू घेणं हा माझा प्रांत होता. या हिवाळ्यात सासूबाई माझ्याच घरी, माझ्याच खोलीत सुखानं राहतील असं मी मनाशी ठरवून टाकलं.

यवतमाळला जाऊन मी चार दुकानं पाहिली. पंख्याचा हीटर लगेच तापतो, पण घरघर करतो आणि हवा कोरडी पाडतो. दम्याच्या माणसाला तो नकोच. लाल रॉडचा स्वस्त, पण समोर बसेल त्यालाच शेक देतो, बंद केला की संपलं, आणि लुगड्याचा पदर लागायची भीती वेगळी. तेलाचा हीटर महाग आणि जड. खोली तापवायला वेळ घेतो, पण दार लावलं की ऊब टिकते आणि पुरेसं तापलं की आपोआप बंद पडतो, म्हणजे मीटरही तेवढाच कमी फिरतो. चाकं आहेत, या खोलीतून त्या खोलीत नेता येतो. मी तेलाचा घेतला. त्याच्यासाठी पॉवरचा वेगळा पॉइंट बसवून घेतला आणि खिडकीच्या फटी बुजवल्या.

त्याच आठवड्यात जाऊ बाजारातून दोन रॉडचा हीटर घेऊन आली. कसा निवडला म्हणून विचारलं, तर म्हणाली, "लाल दिसला न! गरमी डोयाले दिसली पायजे."

आणि तो तिनं ठेवला कुठे, तर तिन्ही बाजूंनी मोकळ्या ओसरीवर! संध्याकाळी कापूस वेचून परतणाऱ्या बाया तिथे टेकू लागल्या. मला राहवेना. मी तिला समजावलं, "भाभी, हजार वॅटचा हीटर तासभर चालला की एक युनिट जळतं. तुम्ही दोन्ही रॉड लावता, तेही उघड्यावर. तुम्ही गावाची हवा तापवून राहिल्या."

"अन् बसले किती जण?"

"बसणाऱ्यांचा काय संबंध?"

"मंग अर्धाच हिशेब हाय तुहा, लहाने. मीटर घराचं फिरते, पण ऊब माणशी पडते. एकटा शेकला त धा गुना महाग. धा जनं बसले त फुकट."

बाया खदखदून हसल्या. पुढच्या महिन्यात तिचं बिल आलं आणि भाऊजी अंगणभर ओरडत फिरले, तेव्हा मी खिडकीतून पाहत होते. तिला काही फरक पडला नाही. "माणशी पाहा न जी," ती त्यांनाही म्हणाली.

इकडे माझी खोली छान उबदार होती. सासूबाईंचा खोकला कमी झाला, औषधं वेळेवर, दार बंद. आणि रोज दिवेलागणीला त्या कुरकुरायच्या, "उकडून राह्यलं मले. जरा बाहेर बसून येतो." एवढ्या थंडीत, स्वेटर-मफलर चढवून, त्या गरम खोलीतून उठून उघड्या ओसरीवर शेकायला जायच्या. त्यांना आणायला मी नवऱ्याला पाठवलं, तर तोही तिथेच मांडी घालून बसला.

शेवटी मीच गेले. तरातरा. जाऊ मला पाहून सरकली. "ये लहाने, बस." मी म्हटलं, काम पडलं आहे. तिनं माझा हात धरून खाली बसवलं आणि हीटर सगळ्यांसमोरून माझ्याकडे वळवला. "हिचे हात पाहा कसे झाले. दिवसभर पाण्यात असते, सांगत नाही कोनाले." माझ्या बोटांच्या भेगा माझ्या घरात कुणाला दिसल्या नव्हत्या. तिला दिसल्या. त्या दिवशी मला तिचा सगळ्यात जास्त राग आला. बाई नुसती लाडकी असती तर चाललं असतं. ती खरंच चांगली होती.

पुढच्या वर्षी जावेला नातू झाला आणि ती नि भाऊजी नागपूरला मुलाकडे राहायला गेले. निघताना आपला हीटर तिनं एका वेचणीवालीला देऊन टाकला, मला विचारलंसुद्धा नाही. पण सासूबाई माझ्याकडे राहिल्या. पाळी नाही, अंगणापलीकडे हाक नाही. मला हवं होतं तेच झालं होतं.

त्या हिवाळ्यात सासूबाई एकदाही उकडतं म्हणाल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. जेवण अर्ध्यावर आलं. मी भाज्या बदलल्या, डॉक्टर बदलला. एका सकाळी त्यांनी मला जवळ बसवलं. "पोरी, राग नोको मानू. मले मोठीकडं पोहचवून दे."

मी राग मानला. आणि सामानाची यादी केली. लुगडी, औषधं, वाफेचं यंत्र. सगळ्यात शेवटी मी हीटर खोक्यात भरून गाडीत ठेवला. नवरा म्हणाला, "नागपूरला हीटर मिळत नाहीत काय?"

"मिळतात. हा पाहून घेतलेला आहे," मी म्हटलं. त्या तिच्या घरी झोपणार होत्या. निदान माझ्या उबेत झोपाव्यात.

दोन दिवसांनी जावेचा फोन आला. सासूबाई पोटभर जेवल्या होत्या. मागे बरेच आवाज होते. बिल्डिंगमधल्या बाया तिनं एवढ्यात गोळा केल्या होत्या. मी तिला हीटरचं बटण कसं फिरवायचं ते सांगू लागले, तर ती म्हणाली, "मले नोको सांगू वं, आईनंच लावला. सगळ्याइले सांगून राह्यल्या, आमच्या लहानीनं निवडला, तिच्यावानी पारख कोनाले नाही म्हणून."

हे त्या माझ्या घरी इतकी वर्षं राहून एकदाही म्हणाल्या नव्हत्या. म्हणाल्या त्या तिच्या घरी, आणि मला ते कळलं तेही तिच्याच तोंडून.