उपग्रहाला चौसाळ्यात थांबा

आमच्या हौशी रेडिओ क्लबात सभासद सात आणि पदं नऊ होती. एकट्या अध्यक्षांकडे तीन पदं असल्यामुळे हिशेब बरोबर बसायचा. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. खुर्चीशिवाय त्यांना बसता येत नसे, म्हणून त्यांनी क्लब काढला, असं बीडजवळच्या पालीचे आमचे एक शेतकरी सभासद म्हणत. मी बीडच्या एका ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. अक्षर बरं म्हणून मला सचिव केलेलं.

हौशी रेडिओ म्हणजे काय, हे मी माझ्या सासूबाईंना दहा वर्षांत समजावू शकले नाही. सरकारी परीक्षा देऊन परवाना काढायचा, गच्चीवर अँटेना उभारायची, आणि फोन नाही, इंटरनेट नाही, नुसत्या हवेतून जगातल्या अशाच कुणा अँटेनावाल्याशी बोलायचं. तो म्हणणार, तुमचा आवाज येतोय. आपण म्हणायचं, तुमचाही येतोय. मग दोघांनी आनंदात निरोप घ्यायचा.

"मग पुढं काय?" सासूबाई विचारायच्या.

"पुढं काही नाही."

"एवढ्यासाठी परीक्षा घेतेत?"

दर रविवारी सकाळी आठ वाजता सगळ्यांनी आपापल्या घरून रेडिओवर हजेरी लावायची आणि अध्यक्षांनी क्लबच्या बातम्या वाचायच्या, असा नेम होता. एका रविवारची बातमी अशी: पालीच्या सभासदांची अँटेना वाऱ्याने वाकली आहे. पुढच्या रविवारची बातमी: पालीच्या सभासदांनी अँटेना सरळ केली आहे. मधल्या आठवड्यात विशेष काही घडलेलं नसायचं. अशा क्लबाला स्वतःची खोली मिळावी, तीही सरकारी इमारतीत, हे अध्यक्षांचं स्वप्न. आणि खोली मिळायची तर साहेबांना बोलवायला हवं. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. त्यांच्या सहीशिवाय आमच्याकडे हापसाही बसत नाही.

अध्यक्षांनी बेत आखला. हौशी रेडिओवाल्यांसाठी आभाळात काही लहान उपग्रह फिरत असतात. ते डोक्यावरून जाताना हातातल्या रेडिओवरून त्यांच्यामार्फत दूर देशीच्या माणसाशी बोलता येतं. जवळच्या चौसाळा गावातल्या एका शाळेच्या मैदानावर साहेबांच्या हस्ते असा संपर्क घडवायचा. निमंत्रणपत्रिका मीच लिहिली. उपग्रह अकरा वाजून सात मिनिटांनी उगवणार आणि अठराला मावळणार होता. मी पत्रिकेत वेळ ठळक लिहिली. अध्यक्षांनी खाली स्वतःच्या हाताने भर घातली: 'साहेबांच्या सोयीनुसार'.

"अध्यक्ष, उपग्रहाला सोय नसते," मी म्हटलं.

"मॅडम, पत्रिकेत नम्रता पाहिजे," ते म्हणाले.

ठरलेल्या रविवारी आम्ही नऊलाच मैदानात हजर होतो. पालीच्या सभासदांनी अँटेना घरीच बनवली होती. ठिबकचा पाइप मधे, आणि त्याला पोलादी मोजपट्टीचे तुकडे आडवे बांधलेले. गावातल्या मंडळींना वाटलं, जमीन मोजायला आलेत. दोघेजण सातबारा घेऊन आले आणि रांगेत उभे राहिले. चौसाळ्याचा सभासद स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. हाताचा हुशार आणि जिभेचा त्याहून. तो मंडपाची वायर जोडत होता.

साडेदहाला साहेबांच्या पीएचा फोन आला. साहेब निघालेत. आमच्या जिल्ह्यात 'निघालेत'चा अर्थ अंघोळीला निघालेत असा धरतात. अकराला परत फोन आला. साहेब रस्त्यात आहेत. अध्यक्षांनी घाम पुसत विचारलं, कुठपर्यंत आलेत? पीए म्हणाला, "घरातून रस्त्यावर आलेत." मग त्यानेच विचारलं, "ते तुमचं उपग्रह अर्धा घंटा पुढं ढकला की. आमी कलेक्टरची मीटिंग ढकलतो, ह्याला काय झालं?"

अध्यक्षांनी फोनवर हात ठेवून खरोखर माझ्याकडे पाहिलं.

"नाही ढकलता येत," मी म्हटलं.

"विचारून तरी बघा मॅडम."

"कुणाला विचारू?"

अकरा सात झाले. पालीच्या सभासदांनी अँटेना नैर्ऋत्येकडे धरली आणि मला हाक मारली, "ताई, आलं बघा वर. खरखर ऐकू यायलीय. बोला की!"

"थांबा," अध्यक्ष म्हणाले. "पाहुण्यांच्या आधी सुरुवात करायची नाही."

"अहो, ते चाललं! ते काय चहाला थांबनार हाय?"

शाळेची पोरं उन्हात रांगा करून बसली होती. त्यांचं तरी काही चीज व्हावं असं वाटलं, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मलाच राहवलं नाही. मी रेडिओ उचलला, माझं कॉलसाइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळालेली अक्षरं, दोनदा उच्चारलं आणि बटण सोडलं. नुसती खरखर. परत बोलले. पालीच्या सभासदांनी मनगट वळवून अँटेना जराशी तिरपी केली आणि खरखरीच्या आतून एक वयस्कर आवाज आला. त्याने माझी अक्षरं बरोबर उच्चारली. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरचा कुणी आजोबा होता. त्याने गाव विचारलं. मी बीड म्हटलं. त्याला कळेना. मग मी रेडिओवरच्या रीतीने एकेक इंग्रजी अक्षर फोडून सांगितलं: ब्राव्हो, एको, एको, डेल्टा. तो म्हणाला, बीड, सुंदर, आवाज अगदी स्पष्ट येतोय.

बीडला कुणी सुंदर म्हणाल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्या नादात मी धन्यवादसुद्धा नीट म्हटलं नाही. तेवढ्यात आवाज विरत गेला. अकरा अठराला आभाळ रिकामं झालं. पुढच्या रांगेतल्या एका पोरीने टाळी वाजवली, अध्यक्षांनी डोळे वटारल्यावर थांबली.

साहेब पावणेएकला आले. नारळ झाला, शाल झाली, आणि साहेबांनी हात पुढे केला. "हं, कुठं बोलायचं?"

अध्यक्षांचा चेहरा पांढरा पडला. चौसाळ्याचा सभासद मला आणि त्यांना मंडपामागे घेऊन गेला. "काळजी कावून करता? मी पाण्याच्या टाकीमागं रेडिओ घिऊन उभा ऱ्हातो. साहेबांनी हिकडून बोलायचं, मी तिकडून."

"हे खोटं आहे," मी म्हटलं. "खोटं कॉलसाइन वापरलं तर परवाना जाईल."

"खोटं कावून? मी माजंच सांगतो. मी आभाळात हाय आसं कुटं म्हननार हाय? टाकीमागं न्हाई आसं तर अजिबात म्हननार न्हाई."

"आणि साहेबांना परवाना नाही, ते माइकवर कसे बोलतील?"

यावर अध्यक्ष गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, साहेबांना कशाचा परवाना लागतो?"

माझी तत्त्वं इथपर्यंतच टिकली. पालीच्या सभासदांनी अँटेना धरायला साफ नकार दिला आणि ते लिंबाखाली जाऊन बसले. मग ती मी धरली. रिकाम्या आभाळाकडे रोखून, सावकाश, मन लावून फिरवत राहिले. त्या दिवशीच्या फोटोंत सगळ्यात एकाग्र चेहरा माझाच आहे.

"हॅलो, मी बोलतोय," साहेब म्हणाले.

टाकीमागून उत्तर आलं, "गुड आफ्टरनून सर. लाउड अँड क्लिअर सर." मागोमाग त्याने स्वतःचं कॉलसाइन इतक्या भरभर म्हटलं की ते रशियन वाटावं.

साहेबांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. काय विचारावं त्यांना सुचेना. मग आमच्याकडचा माणूस जे विचारतो तेच त्यांनी विचारलं. "तिकडं पाऊसपाणी कसं हाय?"

सभासदाची इंग्रजी तिथे संपली असावी. "ढग हायेत सर," रेडिओ म्हणाला, "पन पडंना."

"आं? ह्यांना मराठी येतं?"

मला वाटलं संपलं सगळं. पण निवृत्त माणसाचा अनुभव मोठा असतो. "साहेब," अध्यक्ष म्हणाले, "आता तिथंही आपली माणसं पोचली आहेत."

मैदानात टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी माइक घट्ट धरला. "काळजी घ्या बरं का. जेवनखान येळेवर करा."

"तुमी बी करा सर," टाकी म्हणाली. "तब्येतीला जपा."

तेवढ्यात सातबारावाल्यांपैकी एकजण उठला. "साहेब, हे उपग्रह आमच्या गावावरून जातंय, पन थांबत न्हाई. फास्ट गाड्या बी थांबत न्हाईत, आता ह्ये बी न्हाई. आमी काय पाप केलं?"

साहेब जोरात म्हणाले, "चौसाळ्याला थांबा मिळालाच पाहिजे. मी वर बोलतो."

'वर' म्हणजे मुंबईत की आणखी वर, ते कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली: साहेबांचा अंतराळाशी थेट संवाद, उपग्रहाच्या थांब्यासाठी पाठपुरावा करणार. फोटोत साहेब, अध्यक्ष, आणि कडेला माझा एक हात.

पुढच्या बैठकीसाठी मी इतिवृत्त लिहून नेलं. त्यात तीन ओळी होत्या. सकाळी अकरा वाजून नऊ मिनिटांनी सचिवांनी उपग्रहामार्फत श्रीलंकेशी संपर्क केला. दुपारी एक वाजता प्रमुख पाहुण्यांनी पाण्याच्या टाकीमागील सभासदांशी संपर्क केला. दोन्ही वेळी आवाज स्पष्ट होता.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "मॅडम, टाकीचा उल्लेख गाळा."

"मग साहेब कुणाशी बोलले म्हणून लिहू?"

"लिहायचंच कशाला? फोटो आहे ना."

मी गाळला नाही. त्या दिवशी अँटेना फिरवल्याची लाज कुठेतरी भरून काढायची होती. मतदान झालं. माझ्या बाजूने मी आणि पालीचे सभासद. क्लबात कुणाला काढून टाकत नाहीत, मार्गदर्शक करतात. माझ्या मार्गदर्शक होण्याची बातमी अध्यक्षांनी रविवारी रेडिओवर वाचली आणि सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. आवाज स्पष्ट येत होता.

दोनेक महिन्यांनी साहेबांचा फोन आला. पीएचा नाही, स्वतः साहेबांचा. "बाई, ते परत एकदा बोलायचंय. ह्या येळी मंडप नको, कुनी नको."

"काही विशेष?"

"माझ्याशी सकाळपासून जो बोलतो तो काय तरी मागतो. बदली करा, सही द्या, भांडण मिटवा. त्या गड्यानं काय मागितलं न्हाई बघा. उलट तब्येतीला जपा म्हनला. लई दिसांनी आसं कुनी बोललं."

मला रात्रभर वाईट वाटत राहील असं साहेब बोलले होते. मी त्यांना पालीला तळ्याच्या भिंतीवर यायला सांगितलं, बिंदुसरेच्या धरणावर. सकाळी नऊ चाळीस, खऱ्या उपग्रहाची खरी वेळ. साहेब नऊ वीसलाच आले, सोबत फक्त ड्रायव्हर. एखाद्या कार्यक्रमाला ते वेळेआधी पोचल्याचं मी पाहिलेलं ते एकच उदाहरण. पालीच्या सभासदांनी अँटेना धरली. उपग्रह आला, नेमका. खरखर, शिट्ट्या, मधूनच अर्धा शब्द, कुणाचं तरी तुटक कॉलसाइन. एकावर एक चार आवाज चढले होते. मी तीनदा हाक दिली, कुणी ओळखलं नाही. असं पुष्कळदा होतं. पाण्यावरून वारा येत होता आणि साहेब रेडिओला कान लावून, डोळे मिटून उभे होते. दहा मिनिटांनी सगळं शांत झालं.

"त्या येळचं यंत्र चांगलं होतं," साहेब म्हणाले. "हे बदला. आमदार फंडातून बगू."

मग मात्र मला राहवेना. मी सगळं सांगितलं. टाकी, टाकीमागचा माणूस, मी फिरवलेली अँटेना, सगळं. पालीचे सभासद अँटेनाचे तुकडे सोडवत राहिले, मान वर न करता.

साहेबांनी एवढंच विचारलं, "चौसाळ्याचा हाय?"

"हो. मोबाइल दुरुस्त करतो."

"जेवनखान येळेवर करा म्हनलो मी त्याला," साहेब म्हणाले, आणि हसले. मला वाटलं आता ओरडतील. पण ते माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "बाई, हे कुनाला बोलू नका. थांबा मंजूर झाला म्हनून सांगून बसलोय मी लोकाला."

क्लबला खोली मिळाली. तालुक्याच्या एका सरकारी इमारतीत, जिन्याखाली. तिथे रेडिओला आभाळ दिसत नाही, पण अध्यक्षांना खुर्ची दिसते. चौसाळ्याचा सभासद आता साहेबांकडे कामाला असतो. लोकांना फोन करून साहेब निघालेत असं सांगायचं काम त्याच्याकडे आहे. त्यामुळे त्याला रविवारच्या हजेरीला वेळ मिळत नाही. पालीचे सभासद सांगतात की साहेब अधूनमधून त्याला गाडीतून खाली उतरवतात, जरा लांब उभा करतात आणि रेडिओवर पाऊसपाणी विचारतात.