चपलांची वाट

गुरुवारी संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरातला फोन वाजला, की तो मधुकर सोहनींचा असणार हे ठरलेलं. शनिवारी डोंगर असेल तर सोहनी गुरुवारी घरोघर फोन करत आणि "कसे आहात" वगैरे भानगडीत न पडता थेट विचारत, "गुडघे कसे आहेत?" त्या गुरुवारीही फोन वाजला. माझे हात कणकेचे होते. रिसीव्हर मानेत धरून मीच आधी म्हणाले, "बरे आहेत हो गुडघे!" पलीकडून आवाज आला तो त्यांच्या बायकोचा, लीलावहिनींचा. "अगं, हे गेले." दुपारी ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये, गाडीचं दार उघडता उघडता छातीत कळ आली आणि संपलं. त्याला आता दोन महिने होतील, पण माझं ते वाक्य काही कानातून जात नाही.

परदेशात, या पार्सिपनी गावात, आम्ही पाच-सहा वर्षांपूर्वी आलो, तेव्हा इथल्या मराठी मंडळींचा शनिवार कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जायचा. पत्ते, हिंदी सिनेमांच्या कॅसेट आणि पोट फुटेस्तोवर जेवण. सोहनी मूळचे वाईचे, डोंगर बघत वाढलेले. नोकरी मात्र मोठमोठ्या इमारतींची हवा थंड करण्याची. त्यांनी आम्हाला उठवून बाहेर काढलं. इथून तासाभरावर तळ्यांचा मुलूख आहे. डोंगर बुटकेच, पण कुठल्याही माथ्यावर उभं राहिलं की खाली एक तरी तळं दिसतंच. सोहनींची आखणी उलटी असे. आधी जेवणाची जागा ठरवायची, तीही तळ्याकाठी, आणि मग तिथे पोचणाऱ्या तीन वाटा शोधायच्या. त्यांना सोपी, मध्यम, अवघड असले शब्द चालत नसत. "सोप्या वाटेला कोण कबूल होतो? सगळे अवघडला जातात आणि मग मला पाय चेपायला लावतात!" म्हणून त्यांच्या वाटा पायांत काय घालायचं त्यावरून ओळखल्या जात. चपलांची वाट, कॅनव्हासची वाट आणि बुटांची वाट. बुटांची मंडळी पहाटे निघत, चपलांची उन्हं वर आल्यावर, आणि जेवायला सगळे एकदमच पोचत. कुणी आधी जाऊन दुसऱ्याला वरून काय दिसलं याची फुशारकी मारायची नाही, हा त्यातला खरा डाव. त्यासाठी आदल्या आठवड्यात ते तिन्ही वाटा स्वतः चालून येत. एकदा एक डॉक्टर नवे कोरे बूट घालून आले आणि बुटांच्या वाटेला उभे राहिले. सोहनी त्यांच्या पायांकडे बघत म्हणाले, "बुटांना जमेल हो, तुमचं काय?" डॉक्टर हसले आणि निमूट कॅनव्हासमध्ये आले.

माझे वडील गेल्यावर मी आईला अमरावतीहून इकडे आणलं. आणलं खरं, पण ती काही इथे लागेना. दिवसभर खिडकीशी बसून रिकाम्या रस्त्याकडे बघायची. आठवड्यातून एकदा तरी म्हणायची, "मला तिकीट काढून दे." तिथे तिचं घर होतं, पण घरात आता कुणी नव्हतं. तिला एकटीला तिथे पाठवायला मन धजत नव्हतं आणि इथे तशी बसलेलीही बघवत नव्हती. सोहनींना हे मी सांगितलं नव्हतं. ते तिला पहिल्यांदा भेटले तेच डोंगराखाली. आई गाडीतून उतरायलाच तयार नव्हती. "मी इथेच बसते, तुम्ही या जाऊन." सोहनी खिडकीशी वाकले.

"मावशी, पायात चपला आहेत ना? मग ही तुमचीच वाट."

"अहो, मी फार हळू चालते. तुमचा खोळंबा होईल."

"मग तर तुम्ही पुढेच हव्यात. आमच्यात सगळ्यात हळू चालणारा पुढे असतो."

"मला इथली वाट कुठे ठाऊक?"

"झाडांवर निळा पट्टा रंगवलाय. तो दिसला की चालायचं. इंग्रजी लागत नाही!"

आणि खरोखरच त्यांनी माझ्या आईला पुढे घातलं. साडी, पायमोजे, चपला अशी ती निळे पट्टे शोधत निघाली आणि तिच्या मागे सात-आठ माणसं, सगळ्यात शेवटी सोहनी. तिला ओलांडून जायची कुणाची बिशाद नव्हती. वळण आलं की ती थांबून मागे बघायची, आणि तिकडे टोकाला सोहनी हात वर करायचे. म्हणजे सगळे आले, चला. त्या दिवशी तळ्याकाठी थालीपीठ खाताना तिने विचारलं, "पुढचं कधी आहे?" मी चटकन तोंड फिरवलं, डोळे भरून आले होते. त्यानंतर दोन उन्हाळे तिने तिकिटाचं नाव काढलं नाही. बुटांच्या वाटेवर सोहनींइतकं तयारीचं आमच्यात दुसरं कुणी नव्हतं, पण शनिवारी ते कायम चपलांच्या मागेच चालले.

आम्ही सोहनींच्या तेराव्याला गेलो. परत येताना गाडीत आई म्हणाली, "आता मला तिकीट काढून दे." मागच्या सीटवरून माझ्या मुलीने विचारलं, "मॉम, इज आजी गोइंग बॅक?" मी गाडी चालवत राहिले. शनिवार एकामागून एक कॅन्सल होत गेले. मग एका गुरुवारी फोन वाजला.

"गुडघे कसे आहेत गं?" लीलावहिनी होत्या. आवाज कापत होता, पण प्रश्न तोच. "यांनी मे महिन्यातलं आखून ठेवलंय. आपण जायचं."

आम्ही गेलो. आई गाडीतच बसून राहिली. मी तिच्या बाजूचं दार उघडून उभी राहिले. बऱ्याच वेळाने ती उतरली आणि पुढे जाऊन उभी राहिली, कारण तिची जागा तीच होती. मी एरवी कॅनव्हासवाली, पण त्या दिवशी चपलांच्या वाटेने, सगळ्यांच्या मागून निघाले. पहिलं वळण आलं. आई थांबली. सवयीने तिने मागे वळून पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम उतरला... मधली सगळी माणसंही थांबली. मी हात वर केला. ती माझ्याकडे बघत राहिली. मग पदर खोचला आणि पुढचा निळा पट्टा शोधायला लागली.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने फडक्याने चपलांचा चिखल पुसला आणि त्या दाराशी, तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवल्या. अजून त्या तशाच असतात. तिकिटाचा विषय मी काढत नाही, तीही काढत नाही.