रागावरच्या गोळ्या

परवा भावाकडे गेले होते. भावजयीनं मुलीच्या हट्टीपणावर आणलेली होमिओपॅथीच्या गोळ्यांची बाटली उघडली, स्पिरिटचा गोडसर वास आला आणि माझं डोकंच फिरलं.

मी नऊ वर्षांची होते, हाच भाऊ तेव्हा सहा महिन्यांचा. त्याला सांभाळायला म्हणून आईनं माझी शाळा बंद केली आणि मी जेवणाची ताटं फेकायला लागले. शेवटी आई आम्हा दोघांना घेऊन एस्टीनं धुळ्याला डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टर निरखत होते मला, विचारत होते आईला. झोपेत पांघरूण फेकते का, खारट आवडतं का, घाम कुठे येतो. आई सगळं सांगत होती.

"राग कशानं येतो?"

मी तोंड उघडलं, तोच आईनं दंडाला चिमटा काढला. "काहीच कारन नही, डॉक्टरसाहेब. उगाच चिडस."

डॉक्टरांनी वहीत लिहिलं, विनाकारण राग. त्यावरच्या गोळ्या मी वर्षभर चघळल्या. शाळेत परत गेले ती तीन वर्षांनी, माझ्या खांद्याला लागणाऱ्या पोरींच्या वर्गात.

विनाकारण म्हणे. कारण तर तेव्हा आईच्या मांडीवर बसून अंगठा चोखत होतं.